बोटभर अँटेना

अनसूया धिंदळेंची अँटेना मोडली ती जीपच्या दारात सापडून. हातातल्या रेडिओ सेटला ओरखडाही आला नाही. वरचा वीतभर रबरी दांडा तेवढा बुडातून तुटला आणि आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी लोंबायला लागली.

"बाई, माझंच चुकलं," दार लावणारी रंजना मेंगाळ म्हणाली. "पण नवी बसवू की. बल्ब बदलण्याएवढंच काम."

"हो, तेवढंच," अनसूयाबाई म्हणाल्या.

२०४१ सालचा जानेवारी संपत आला होता. डोंगरावरचं गवत पार वाळलं होतं आणि वणव्याचे दिवस तोंडावर होते.

अनसूयाबाईंनी अकोले तालुक्यातल्या करंजओहळच्या आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. हौशी रेडिओचा परवाना त्यांना मिळाला तो थोरल्या भावामुळे. वामन लोहकरे टेलिफोन खात्यात लाइनमन होता. त्यानं बहिणीला तारा, लहरी आणि सेट हे सगळं शिकवलं. निवृत्तीनंतर बाईंनी गावातल्या नऊ जणांना परीक्षेला बसवलं आणि त्यातून वणवा पथक उभं राहिलं. रंजना त्याची प्रमुख.

एव्हाना फोन थेट उपग्रहाशी बोलत होते. पण करंजओहळच्या घळीत शिरलं की आभाळ पट्टीएवढं दिसतं, आणि त्या पट्टीत उपग्रह येईपर्यंत आग थांबत नाही. म्हणून पथकाकडे हातातले जुने सेट होते. आगीजवळ जाणारे घळीत असायचे आणि बाई खिंडीत उभ्या राहायच्या. खिंडीतून घळही ऐकू येई आणि वरचं पठारही. घळीला पठार ऐकू येत नसे, मध्ये कातळ होता. म्हणजे सगळं बोलणं बाईंच्या सेटमधून जायचं, आणि त्या सेटला आता अँटेना नव्हती.

त्या संगमनेरला गेल्या.

"अँटेना? नुसती?" दुकानदारानं विचारलं. "मॅडम, आता लोक आख्खा सेटच बदलतात. किती वर्षांचा आहे हा?"

"चौदा."

"मग त्याला आराम द्या."

बाईंनी आराम द्यायला नकार दिला. दुकानदारानं माळ्यावरचा खोका काढला, धूळ झटकली आणि एक अँटेना दिली. तीन तासांचा प्रवास करून घरी आल्यावर बाईंच्या लक्षात आलं की सेटच्या मधोमध पिन आहे आणि अँटेनाच्याही मधोमध पिनच आहे. दोन दिवसांनी पुन्हा तीन तास जाऊन त्यांनी मधला जोड आणला. जोड लावल्यावर अँटेना बसली, पण हलणाऱ्या दातासारखी.

दुसरी ऑनलाइन मागवली. फोटो बरोबर होता, भोक बरोबर होतं, खाली 'सर्व सेटना चालते' असं लिहिलेलं होतं. ती अगदी घट्ट बसली. रंजना दोन किलोमीटरवर जाऊन उभी राहिली तर तिला काहीच ऐकू येईना, आणि बाईंच्या हातातला सेट मात्र चहाच्या कपासारखा तापला.

कारण साधं होतं. पथकाची लहर दोन मीटर लांबीची. तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे साधारण हातभर, सरळ दांडी असली की लहर सुखानं बाहेर पडते. वीतभर जागेत भागवायचं तर तारेची गुंडाळी करावी लागते, आणि ती नेमकी त्याच लहरीसाठी जुळवलेली असावी लागते. ही गुंडाळी इमारतींचे पहारेकरी वापरतात त्या आखूड लहरीची होती. जी शक्ती बाहेर पडू शकत नाही ती सेटमध्येच मागे फिरते आणि उष्णता होऊन बसते.

बाईंनी तक्रार केली. पलीकडून 'सखी' नावाची यंत्रमदतनीस बोलायला आली.

"आपली अडचण समजली. आपण सेट बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का?"

"दोष सेटचा नाही. अँटेनाचा आहे."

"समजलं. आपण अँटेना बंद करून पुन्हा चालू करून पाहिलीत का?"

बाईंनी फोन पालथा ठेवला. तीस वर्षं त्यांनी औषधं वेळेवर न येणाऱ्या उपकेंद्रात काढली होती. पण तिथं निदान चिडायला समोर माणूस असायचा.

तिसरी अँटेना नळीतून नळी निघणारी, पूर्ण ओढली की हातभर होणारी. शाळेच्या मैदानावर ती उत्तम चालली. करवंदीच्या जाळीतून चालताना दुसऱ्या दिवशी वाकली, आणि तिसऱ्या दिवशी वरची अर्धी नळी बाईंच्या हातात आली.

मधल्या काळात दोन छोटे वणवे लागून गेले. दोन्ही वेळा बाईंनी पथकातल्या एकाचा सेट घेतला, म्हणजे घळीत एक जण मुका गेला. रंजनानं बाईंकडे पाहिलं ते त्यांना लागलं.

आता जिथं विचारावं तिथं एकच नाव ऐकू येत होतं. कर्णिका. संगमनेरचा दुकानदार म्हणाला कर्णिका घ्या, सखी म्हणाली कर्णिका घ्या, नाशिकच्या रेडिओ क्लबातले लोकही तेच म्हणाले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाई वैतागून म्हणाल्या, "आणा ती कर्णिका. एकदाचं संपू दे."

कर्णिका बोटभर होती. तिच्या आत तांब्याची तार नव्हतीच. प्रयोगशाळेत थरावर थर रचून केलेल्या, निसर्गात कुठंही न सापडणाऱ्या पदार्थाचे शेकडो बारीक तुकडे होते आणि विजेच्या इशाऱ्यावर प्रत्येकाचा गुण बदलता येई. त्यामुळे बोटभर अँटेना हातभर दांडीचं काम करी. शिवाय कुठल्या दिशेला कान द्यायचा आणि कुठल्या दिशेला बहिरं व्हायचं, हेही ती क्षणात ठरवी.

हे ती ठरवायची सवयीवरून. कुठलाही सेट बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी किंचित अडखळतो, आणि दोन सेटचं अडखळणं कधी सारखं नसतं. कर्णिका त्यावरून सेट ओळखायची. त्या आवाजानंतर मालकानं स्वतःचं बटण दाबलं की नाही हेही तिला कळायचं, कारण बोलताना वीज तिच्यातूनच बाहेर जायची. ज्याला उत्तर मिळतं तो आवाज कामाचा, आणि ज्याला पुन्हा पुन्हा मिळत नाही तो गोंगाट. विजेच्या तारांची करकर, सौर पंपांची गुणगुण, लांबच्या कुणाच्या तरी गप्पा हळूहळू गळून जायच्या. माहितीपुस्तिकेत हे सगळं एका ओळीत उरकलं होतं: तुम्हाला जे ऐकायचं असतं, तेच ऐका.

पहिल्याच दिवशी रंजनाचा आवाज घळीच्या तळातून असा आला की ती शेजारी बसून बोलते आहे. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी पुस्तिकेचं पुढचं पान उलटलंच नाही.

वामन पठारावर एकटाच राहायचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. रोज सकाळी साडेसहाला तो बहिणीला हाक मारायचा आणि मग बोलतच राहायचा. गुडघे, शेजाऱ्याच्या बकऱ्या, पाण्याच्या टाकीला लावलेलं निकृष्ट झाकण, बकऱ्या, पुन्हा गुडघे. या सेटवर एका वेळी एकानंच बोलता येतं. दुसऱ्यानं बटण सोडल्याशिवाय मध्ये तोंड घालता येत नाही. बाई सेट खिडकीत ठेवून भाकरी थापायच्या, अंगण झाडायच्या. कधी शेवटी बटण दाबून "बरं दादा" म्हणायच्या, बहुतेक वेळा तेही नाही. त्याला उत्तर नकोच असतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. एका सकाळी मात्र त्या बोलून गेल्या, "दादा, मला कामं आहेत रे. रोज रोज काय तेच?"

त्यानंतर तीन-चार दिवसांनी वामनचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंद झाला. खरखरसुद्धा नाही, सेट नुसता गप्प.

रुसला असेल, असं बाईंना वाटलं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना बरं वाटलं. सकाळ मोकळी झाली. आठवड्यानं मात्र चुटपुट लागली. त्यांनी बटण दाबून विचारलं, "दादा, आहेस का?" सेट गप्प. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बरं, राहू दे. नसेल बोलायचं तर नको बोलूस." दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. फोन लावला तर तो बंद होता. पठारावर वामनचा फोन पंधरा दिवसांतून एकदा चार्ज व्हायचा. मग बाईंनाही राग आला. आपण दोनदा हाक मारली, आता त्यानं मारावी.

मार्चच्या मध्यावर, भर दुपारी, खिंडीच्या उत्तरेला धूर दिसला.

रंजना पाच जणांना घेऊन घळीत उतरली. घळीच्या माथ्यावर पट्टा साफ करून जाळरेषा काढायची आणि आग तिथंच अडवायची, असं ठरलं. बाई खिंडीत उभ्या राहिल्या. कर्णिका चोख काम करत होती. कोयत्यांचे आवाज, रंजनाचा दम, कुणीतरी मागितलेलं पाणी, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. पलीकडे डोंगराची सोंड आडवी होती, त्यामागचं बाईंना दिसत नव्हतं. ते फक्त पठारावरून दिसायचं.

"बाई, वारं काय म्हणतंय?"

"इथं पूर्वेकडूनच आहे. चालू दे तुमचं."

वीस मिनिटं गेली. मग रंजनाचा आवाज एकदम बदलला.

"बाई, थांबा. कुणीतरी मध्ये बोलतंय. दादा? वामनदादा आहेत?"

बाईंनी सेट कानाला लावला. त्यांना फक्त रंजनाच ऐकू येत होती. समोरच्याच्या वाक्यांच्या जागी शांतता. "हो दादा... मागं? किती मागं?... डाव्या कातळावर, कळलं. चला रे, टाका सगळं, वर चढा!"

"रंजना, काय झालं? रंजना!"

उत्तर आलं नाही. पाच मिनिटांनी सोंडेच्या टोकावरून धुराचा लोट वळून घळीच्या तोंडाशी उतरला. ज्या वाटेनं पथक आत गेलं होतं, ती वाट बाईंच्या डोळ्यांदेखत पेटली.

सहाही जण वाचले. उघड्या कातळावर ते पोटावर झोपून राहिले आणि आग खालून निघून गेली. दोघांच्या हातापायांना भाजलं. संध्याकाळी काजळलेल्या तोंडानं रंजना खिंडीत आली. ती ओरडली नाही, आणि तेच बाईंना जड गेलं.

"बाई, दादा अर्धा तास तुम्हाला हाका मारत होते. वारं फिरलं, आग सोंडेमागून येतेय, म्हणून. तुम्ही उत्तर देईनात, तेव्हा ते पठाराच्या कड्यावरून खालच्या टप्प्यावर उतरले. तिथून घळ समोर दिसते म्हणून आमच्यापर्यंत आवाज आला. तुम्हाला ऐकूच आलं नाही?"

"नाही गं."

"तुमची अँटेना तर आमच्या सगळ्यांपेक्षा भारी आहे."

"दादा कुठंय?"

"परत चढताना पडले. खुब्याचं हाड मोडलंय. पठारावरची माणसं झोळीतून घेऊन गेलीत."

तालुक्याच्या दवाखान्यात वामनवर शस्त्रक्रिया चालली होती, तेव्हा बाकावर बसून बाईंनी फोनवर कर्णिकेच्या नोंदींचं पान उघडलं. पहिल्या दिवसानंतर त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. यादी होती. रंजनाच्या सेटपुढे लांब हिरवी पट्टी. तळाशी करड्या अक्षरांत एक ओळ: 'नैऋत्य दिशेचा सेट. हाका एकशे सहा, उत्तरं चार. दुर्लक्षित.'

पठार खिंडीच्या नैऋत्येला होतं, आणि गावाच्याही.

त्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. या वेळी खरा माणूस बोलला.

"मॅडम, यंत्रात दोष नाही. ते तुमच्या वापराप्रमाणे शिकतं."

"शिकणं पुसता येतं का?"

"येतं ना. पण पुन्हा शिकेल."

"एखादा आवाज कायमचा चालू ठेवायचा असेल तर?"

"त्या व्यक्तीकडंही कर्णिका हवी."

"त्या व्यक्तीला तुमच्या अँटेनानं कड्यावरून उतरवलं," बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. "पुसता येतं म्हणे!"

पलीकडच्या माणसानं दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांच्या समाधानाला एक ते पाचमध्ये गुण द्यायला सांगितलं.

वामनला तिसऱ्या दिवशी नीट बोलता यायला लागलं. बाई त्याच्या उशाशी बसल्या. अँटेना बिघडली होती एवढंच सांगायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

"तू हाक मारलीस ना मला, मध्यंतरी?" वामननंच सुरुवात केली. "'आहेस का' म्हणालीस. मी सेट धरून ओरडतोय, आहे, आहे, बोल. आणि तू म्हणतेस, राहू दे, नसेल बोलायचं तर नको बोलूस. दोनदा केलंस असं. मला वाटलं, हिची थट्टा चाललीय का माझी?"

"दादा, मला ऐकू येत नव्हतं."

"आगीच्या दिवशीही?"

"आगीच्या दिवशीही." त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. ठरवलेलं वाक्य त्यांच्या तोंडातून निघालंच नाही. "ही अँटेना शिकते. ज्याला आपण उत्तर देत नाही त्याचा आवाज ती बंद करते. हा तुझा सेट. एकशे सहा हाका. मी चार वेळा उत्तर दिलं."

वामननं चष्मा मागितला. चष्मा लावून त्यानं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. चाळीस वर्षं लाइनमन होता तो. यंत्र कसं चालतं हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे शिकवलं तूच," तो म्हणाला.

"हो."

"यंत्रानं नुसतं ऐकलं तुझं."

"हो, दादा."

त्यानं चष्मा काढून बाईंच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. बाई संध्याकाळपर्यंत बसल्या. परिचारिका दोनदा येऊन गेली. वामन झोपला नव्हता, पण वळलाही नाही.

घरी परतल्यावर बाईंनी कर्णिका काढून खोक्यात घातली आणि रंजनाला बोलावून घेतलं. दोघींनी सुताराकडची मोजमापाची पोलादी टेप आणली, एकोणपन्नास सेंटीमीटरचा तुकडा कापला, बुडाचा रंग खरवडून कथलाचा डाग दिला आणि जुन्या अँटेनाच्या बुडावर बसवला. पट्टी झुडपात अडकली तरी वाकायची आणि परत ताठ उभी राहायची. दिसायला अगदी ओबडधोबड. सेट चालू केला तर विजेच्या तारा करकरल्या, कुणाचा तरी पंप गुणगुणला, लांब कुठंतरी दोघं जण कांद्याच्या रोपांबद्दल बोलत होते.

"बाई, केवढी कटकट आहे ही," रंजना कान झाकत म्हणाली.

"असू दे. उद्या खिंडीत नेऊन बघू."

दीड महिन्यानं वामन काठी घेऊन पठारावर परतला. दवाखान्यात बाई आठवड्यातून तीनदा जात होत्या. तो हूं-नाही एवढंच बोलायचा. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बाईंनी बटण दाबलं.

"दादा, मी अनसूया. ऐकतोयस का?"

नुसती खरखर आली.

दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशीही. पठारावर गेलेल्या रंजनानं येऊन सांगितलं की दादांचा सेट चालू असतो, खाटेजवळच असतो. म्हणजे त्याला ऐकू येत होतं. बाई चिडायच्या, भाकरी जाळायच्या, सेट बंद करायला हात न्यायच्या आणि परत घ्यायच्या. आपण एका बाजूनं किती दिवस बोलायचं, असं त्यांच्या मनात यायचं, आणि मग तो आकडा आठवायचा. त्या रोज काहीतरी सांगायच्या. विहिरीचं पाणी उतरलं. पथकातल्या भाजलेल्या दोघांच्या जखमा भरल्या. गावात आंबा या वर्षी कमी आहे.

अठराव्या दिवशी बटण सोडल्यावर खरखर मध्येच तुटली. पलीकडे कुणीतरी बटण दाबलं होतं. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागं कोंबडा.

"तुझा आवाज फाटका येतोय," वामन म्हणाला.

"नवी अँटेना आहे. घरी केलेली."

"कळतंय ते. बुडाचा डाग नीट बसला नाहीये." तो थांबला. बटण मात्र सोडलं नाही. "अनू, माझ्याकडं सांगण्यासारखं काही नसतं गं. तेव्हाही नसायचं."

त्यानं बटण सोडलं. बाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, खिडकीतला सेट उचलला आणि उंबऱ्यावर बसल्या.

"नसू दे. तेच सांग."

काही क्षण विजेच्या तारा करकरत राहिल्या. मग वामननं खाकरून घसा साफ केला आणि दवाखान्यातल्या उपम्यापासून सुरुवात केली.